चौथ्या जोडीवरची टोपी

एकोणीसशे नव्याण्णव साल, फेब्रुवारीचा पहिला सोमवार. सांगलीत आरवाडेच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी एक मदरबोर्ड उलटा करून त्याची पाठ बघत होते आणि आरवाडे माझ्या नवऱ्याशी बोलत होता.

“साहेब, हाच घ्या. गेल्या महिन्यात वीस गेले. आवाजाचं, चित्राचं, सगळं यातच आहे. वेगळं काही घ्यायला नको.”

“असं का,” हे म्हणाले आणि खोक्यावरचं रेसच्या गाडीचं चित्र बघू लागले.

“याचे जोड थंड आहेत,” मी म्हणाले.

आरवाडेनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “काय आहेत?”

“थंड. हे तीन बघा. कथील चकाकत नाही, राखेसारखं दिसतंय. आज चालेल, उन्हाळ्यात बंद पडेल. हसीना, बघ गं.”

माझ्याबरोबर आलेल्या हसीनानं बोर्ड तिरका करून उजेडात धरला आणि एका जोडावरून नख फिरवलं. “आमच्या लाइनवर हा परत आला असता,” ती म्हणाली. “तो तपकिरी खोक्यातला दाखवा की ओ.”

“काकू, पोळपाट घेताय का, उलटापालटा करून?”

“पोळपाटही मी उलटा करूनच घेते.”

आरवाडे हसला. हसताना त्यानं माझ्याकडे नाही, यांच्याकडे पाहिलं. हेही हसले. त्या हसण्याचा मला तेव्हाच राग आला होता, पण मी बोर्ड बघत राहिले.

तपकिरी खोक्यावर चित्र नव्हतं. आतला बोर्ड मात्र नीट होता. पाठीमागचा एकेक जोड ज्वारीच्या दाण्यासारखा गोल आणि चकचकीत. प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाभोवती मोकळी जागा सोडलेली, म्हणजे तापलं तरी वारा लागेल.

“त्यात आवाज नाही,” आरवाडे म्हणाला.

“प्रश्नपत्रिकेला आवाज कशाला लागतो?” हसीना म्हणाली.

“आणि सेटिंग सगळं हातानं करावं लागतं. बोर्डावर टोप्या घालत बसायचं. आमचा माणूस त्यात वेळ घालवणार नाही, आधीच सांगतो.”

“आम्हीच जोडणार आहोत.”

“साहेब?” त्यानं यांना विचारलं.

“जोडू दे त्यांना. हौस आहे,” हे म्हणाले.

बिलावर नाव यांचंच पडलं.

हौस नव्हती. मी, विमल मगदूम, तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. कुपवाडच्या रेडिओच्या कारखान्यात चोवीस वर्षं तपासणीला काढली होती. हसीना शिकलगार माझ्याहून दहा वर्षांनी लहान, डाग देण्याच्या लाइनवर होती. तिच्या हातचा जोड मी डोळे मिटून पास करायचे. आदल्या दिवाळीत कारखान्याला कुलूप लागलं. दोघींच्या हाती आलं त्यातून कॉम्प्युटर घ्यायचा, मराठी छपाईची अक्षरजुळणी करायची, असं ठरलं. तीन महिने क्लासला जाऊन टायपिंग शिकलो. मुख्याध्यापक संघाचे चिटणीस उपाध्ये सर म्हणाले होते की नमुना आवडला तर बेचाळीस शाळांच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तुम्हाला देतो.

मला ते काम हवं होतं. हसीनाला ते लागणारच होतं. नवऱ्यानं टाकल्यावर ती मिरजेला आईपाशी राहायची. हुबळीचा भाऊ पत्रावर पत्र धाडत होता की घर बंद करा आणि इकडे या. त्याच्या खानावळीत तिनं भाकऱ्या थापाव्यात असं त्याच्या मनात होतं. “प्रश्नपत्रिका मिळाल्या तर मी त्याला नाही म्हणून कळवते,” हसीना म्हणाली होती. “नाही मिळाल्या तर मार्चात जाते.”

रविवारी सकाळी ती आली. जेवणाच्या टेबलावर मी धुतलेली चादर अंथरली होती. कारखान्यात धातूची बांगडी घालून बोर्डाला हात लावायला मनाई होती, काचेची चालायची. हसीनानं सवयीनं हातातल्या चार गिलिटाच्या बांगड्या काढून स्टीलच्या वाटीत टाकल्या, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून नळाला हात लावून आली आणि बसली. मी माहितीपुस्तक वाचत होते, शेजारी डिक्शनरी.

बोर्डाच्या एका कोपऱ्यात पिनांच्या चार जोड्या होत्या. जोडीवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी बसवली की त्या दोन पिना एकमेकींना जोडल्या जायच्या आणि प्रोसेसरला जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये भर पडायची. एकही टोपी नसेल तर दोन व्होल्ट. पहिल्या जोडीनं पॉइंट एक, दुसरीनं पॉइंट दोन, तिसरीनं चार, चौथीनं आठ.

“आपल्याला किती पाहिजे, ताई?”

“दोन पॉइंट दोन.”

“आणि ह्यांनी चौथीवर घालून पाठवलंय. दोन पॉइंट आठ. जुन्या प्रोसेसरसाठी असेल.” तिनं चिमट्यानं चौथीवरची टोपी उचलली, दुसरीवर एक बसवली. उरलेल्या टोप्या पुडीत बांधून कॅबिनेटमध्येच एका कोपऱ्यात ठेवल्या. मग आमच्या कारखान्याची रीत होती तशी तिनं एक चिठ्ठी लिहिली. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सेटच्या झाकणाला आतून चिठ्ठी असायची. काय बदललं आणि कुणी. तिनं सही केली, मी केली, आणि झाकण लावलं.

दुपारी दोन वाजता पडद्यावर निळं पान आलं. सेटिंगच्या त्या पानात मेमरीचा वेग ठरवायचा होता. आरवाडेचं म्हणणं होतं की सगळ्यात वरचा ठेवा. मी एक पायरी खाली ठेवला.

“का ओ?” हसीनानं विचारलं.

“धावायचं नाही आपल्याला. न पडता चालायचं आहे.”

आणि चाललं. दोन आठवडे ते यंत्र एकदाही अडलं नाही. सातवीच्या भूगोलाचा नमुना उपाध्ये सरांनी भिंग घेऊन तपासला आणि म्हणाले, “काना-मात्रा जागेवर आहेत. पहिली खेप अकरा मार्चला द्या.” हसीनानं त्याच दिवशी हुबळीला पत्र टाकलं, आम्ही येत नाही.

बावीस तारखेच्या सोमवारी भूमितीच्या आकृत्या काढताना पडदा गोठला. बंद करून चालू केलं, चालला. दुपारी दोनदा गोठला. मंगळवारी पाच वेळा. आम्ही मेमरी काढून घातली, निळ्या पानातला वेग आणखी उतरवला, वायरी हलवून पाहिल्या. गुरुवारी पडदा आलाच नाही.

शुक्रवारी रिक्षात घालून कॅबिनेट आरवाडेकडे नेलं. हेही आले. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. आरवाडेनं झाकण काढलं, चिठ्ठी पाहिली. “ही काय रेशनची पावती चिकटवलीय?” लोक हसले. त्यानं प्रोसेसर उपटला, पालथा केला, हुंगला.

“भाजलाय.”

“बदलून द्या. महिनाही झाला नाही,” मी म्हणाले.

त्यानं प्रोसेसर ठेवला आणि माझ्या हातांकडे पाहिलं. “काकू, बोर्डाला हात लावला तेव्हा या बांगड्या होत्या?”

“होत्या. काचेच्या आहेत.”

“झालं तर मग. बांगडी टेकली, शॉर्ट झाला. हे वॉरंटीत येत नाही.”

“काचेतून करंट जातो?”

“आता तुम्ही मला शिकवणार?” मग त्याचं लक्ष हसीनाकडे गेलं. “या तर धातूच्या दिसतात. बघितलंत साहेब? म्हणून म्हणत होतो, आमच्या माणसाकडून जोडून घ्या. मिक्सर नव्हे हा.”

“मी सांगितलं होतं यांना,” हे म्हणाले.

यांनी काहीच सांगितलं नव्हतं. पण ते राहू दे. दुकानातली सगळी माणसं आमच्या मनगटांकडे बघत होती. चोवीस वर्षांत किती लाख बोर्ड आमच्या त्या हातांखालून गेले असतील, आणि ज्या माणसाला थंड जोड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तो आम्हाला बांगड्या शिकवत होता. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

मी हसीनाकडे वळले. “हसीना, त्या दिवशी तू बांगड्या काढल्या होत्यास ना?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आरवाडेला म्हणाली, “काढल्या होत्या.”

“म्हणणारच,” तो म्हणाला.

तिनं पिशवी उचलली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून मिरजेच्या बसच्या दिशेनं गेली. आमच्याबरोबर परत आली नाही.

शनिवारी सकाळी मी माझा जुना मीटर काढला. प्रोसेसर मेला तरी बोर्ड जिवंत आहे का, एवढंच बघायचं होतं. झाकण काढलं. व्होल्टेज मोजलं. काटा तीनवर.

पुन्हा मोजलं. तीन. दोन पॉइंट दोनच्या जागी तीन व्होल्ट घातले तर प्रोसेसर भाजणार नाही तर काय होईल? मी चष्मा पुसून त्या कोपऱ्यात बघितलं. दुसऱ्या जोडीवर टोपी होती. चौथ्या जोडीवरही टोपी होती. आठवडाभर झाकण उघडत होतो, पण त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

हे खुर्चीत पेपर वाचत होते.

“अहो, ही चौथीवरची टोपी कुणी घातली?”

“कुठली? ती होय.” पेपर खाली आला नाही. “ती मी घातली. गेल्या रविवारी तुम्ही दोघी जयसिंगपूरला लग्नाला गेला होता तेव्हा.”

“का?”

“अगं, तुमच्याच चिठ्ठीत आहे. ‘चौथीवरची टोपी वाढवली.’ झाकण सहज उघडलं होतं, आत बघतो तर चौथीवर टोपीच नाही. म्हटलं, रजिस्टरात एक आणि साइटवर एक. पुडीत सुट्या टोप्या होत्या, त्यातली घालून टाकली.”

हे पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर होते. लिहिलेलं आणि केलेलं ताडून बघण्यात यांची तीस वर्षं गेली होती.

आणि चिठ्ठीत तसंच लिहिलेलं होतं, यात खोटं नाही. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आमच्या लाइनवरच्या पहिल्या हेडबाईंनी तीच रीत कामाला लावली होती. चालू सेटच्या चिठ्ठीत ‘तोडली’, ‘काढली’ असलं अभद्र लिहायचं नाही. वायर वाढवली, पट्टी वाढवली, टोपी वाढवली, म्हणजे काढून टाकली. दोनशे बायकांना ते कळत होतं. हसीनानं लिहिलं, मी सही केली, दोघींच्या मनात दुसरा अर्थ आलाही नाही.

“मला विचारलं का नाही?”

“त्यात विचारायचं काय? एवढीशी टोपी.”

“सोमवारी मशीन गोठायला लागलं तेव्हा?”

“त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलं नाही.”

“काल दुकानात?”

आता पेपर खाली आला. त्याची नीट घडी झाली. “चार लोकांत काय बोलणार? तो बांगड्या म्हणत होता. म्हटलं, असेलही.”

“वाटलं नाही, की वाटलं?”

यांनी पेपर बाजूला ठेवला. “थोडं वाटलं,” हे म्हणाले.

थोडं वाटलं. थोडं वाटलं आणि एका बाईला चार लोकांत खोटी ठरू दिलं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दुपारी यांना म्हणाले, “चप्पल घाला. मिरजेला जायचं.”

“पत्र लिहितो की.”

“पत्र नको. तुमचं लिहिलेलं कुणी कसं वाचेल सांगता येत नाही.”

हसीनाचं घर किल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं. तिच्या आईनं सतरंजी टाकली. फडताळावर हुबळीचा पत्ता घातलेलं पाकीट उभं करून ठेवलं होतं, सोमवारच्या टपालासाठी. ते मला दिसलं आणि मला ते दिसलं हे हसीनाला दिसलं.

यांनी घसा साफ केला. “हसीनाबाई, गैरसमज झाला. त्याचं काय आहे, शब्दच तसा आहे. वाढवणे या शब्दाचा मूळ अर्थ भर घालणे. आता तुमच्या कारखान्यात तो उलटा वापरत असतील, पण सर्वसाधारण माणूस...” अशी दहा मिनिटं गेली. दिवा झाला, दुकान झालं, पानात वाढतात तेही झालं. झालं नाही ते एवढंच, की ‘चूक माझी’.

हसीनानं सगळं ऐकून घेतलं. “भाऊ, चिठ्ठीत ‘काढली’ लिहिलं असतं, तर तुम्ही झाकण उघडलं नसतं का?”

यांनी चहा संपवला.

“सोमवारी ये,” मी म्हणाले. “प्रोसेसर मी दुसरीकडून आणते. अकरा तारीख गाठायची आहे.”

“येते की. काम सोडून कुठं जाऊ?”

तिनं फडताळावरचं पाकीट उचलून फाडलं. मला हलकं वाटलं. निघताना ती दारापर्यंत आली. हे पुढे जाऊन रस्त्याला लागले होते. ती हळू आवाजात म्हणाली, “भाऊंचं सोडा, ताई. त्यांनी बघितलेलं नव्हतं. तुम्ही समोर बसला होता.”

मी समोरच बसले होते. चारही बांगड्या वाटीत पडताना मी पाहिल्या होत्या, त्यांचा आवाज ऐकला होता. आरवाडेला सांगायला माझ्याजवळ शब्द होते, ‘मी स्वतः पाहिलंय.’ ते न बोलता मी तिला विचारलं. का, ते मी पंचवीस वर्षं शोधते आहे. माझ्या नावावर कशाला, तिनंच सांगावं, असं काहीतरी असेल. आरवाडेचा राग आला, यांचा आला, तो सांगता येतो. माझा मलाच आला, तो सांगता येत नाही.

सोमवारी ती आली. नवा प्रोसेसर मी टेबलावर ठेवला होता. बसण्याआधी तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले, मोकळे, आधी तळवे, मग पालथे. मला वाटलं चेष्टा करते आहे. मी हसले. ती हसली नाही. हात खाली घेतले आणि पेचकस उचलला.

अकरा तारीख आम्ही गाठली. बेचाळीस शाळा, आठ विषय. पुढच्या वर्षी सदुसष्ट शाळा मिळाल्या. अकरा वर्षं आम्ही दोघींनी ते काम केलं, चार यंत्रं बदलली, प्रत्येकाचा बोर्ड उलटा करून घेतला. आणि कुठलंही झाकण उघडायच्या आधी दर वेळी हसीना माझ्यापुढे हात धरायची. एकदा मी म्हणाले, “पुरे की गं आता.” तर म्हणाली, “असू दे ताई. तपासणी तुमच्याकडे आहे.”

उपाध्ये सर दोन हजार चारमध्ये निवृत्त झाले. शेवटपर्यंत भिंग घेऊनच नमुना तपासायचे. आता पुण्याला मुलाकडे असतात. आरवाडेनं त्या उन्हाळ्यात दुकानात पाटी लावली, महिलांनी बांगड्या काढून मशीनला हात लावावा. मी यांना घेऊन त्याच्याकडे गेले होते, यांनी टोपीचं सांगितलंही. तो म्हणाला, “म्हणजे घरातच झालं ना, मग दुकानाचा काय दोष?” पाटी काही काढली नाही. पुढे तो मोबाइल विकायला लागला आणि मग दुकानच विकून गेला. रेसच्या गाडीच्या खोक्यातले ते बोर्ड किती टिकले, मला माहीत नाही.

हे दोन हजार चौदाला गेले. तोपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक वास्तुशांतीला यांनी टोपीची गोष्ट सांगितली. मराठी भाषेची गंमत म्हणून. लोक पोट धरून हसायचे. माझी सूनसुद्धा हसायची. त्या गोष्टीत दुकान नसायचं, बांगड्या नसायच्या, हसीनाचं नावही नसायचं. ‘हिची एक मैत्रीण’ असायची. म्हणून मी हे लिहून काढलं.

आई गेल्यावर हसीना दोन हजार दहामध्ये हुबळीला गेली. भाकऱ्या थापायला नाही. भाचीच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करायला. परवापर्यंत करत होती, आता नजर साथ देत नाही. रविवारी आमचा फोन असतो. गुडघे, औषधं, कोण गेलं, कुणाला नातू झाला.

गेल्या महिन्यात मी म्हणाले, “हसीना, तुला मी ते विचारायला नको होतं.”

“काय ते?”

“तुला माहीत आहे.”

“सांगा की. काय विचारलं होतं?”

मग मला ते बोलावं लागलं. स्वयंपाकघरात उभी राहून, सून पलीकडे कुकर लावत असताना, मी शब्दाला शब्द म्हणाले, “हसीना, त्या दिवशी तू बांगड्या काढल्या होत्यास ना?”



“असंच म्हणाला होता तुम्ही,” ती म्हणाली. “फक्त ‘ना’ जरा लांबवला होता.”